एका दिवशी एक हात

बोडीतलं पाणी आटून तळाच्या काळ्या गाळाला भेगा पडल्या, त्याच दिवशी कमळानं कुदळ काढली. सकाळचे सात वाजले होते आणि ऊन आतापासूनच पाठीला चटके देत होतं. तिचा नवरा नथ्थू बाजेवर बसून पायाला तेल चोळत होता. दोन वर्षांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

"दिवस किती हायेत?" कमळानं विचारलं.

"एकवीस."

"बस झाले."

"अवो, एकवीस दिवसांत घर होते का?"

"भिंती होतेत. छप्पर तर उभं हाय नं?"

छप्पर उभं होतं, हे खरं. पोंभुर्ण्याच्या रस्त्यापासून दीड कोस आत, जंगलाला टेकून त्यांचं शेत होतं. विजेचे खांब नाल्याच्या पलीकडेच संपले होते. सासू वारल्यावर वाटणी झाली तेव्हा थोरल्या लच्छूनं गावातलं घर घेतलं आणि धाकट्या नथ्थूला हे शेत दिलं. लच्छूनं जुनं कौलारू घर पाडून स्लॅब टाकला. उतरवलेली कवेलू उकिरड्यावर फेकली होती. कमळा मागायला गेली तेव्हा तो म्हणाला, "ने, ने. तेवढाच कचरा साफ होईन." कमळा आणि तिची पोरगी दिव्यानी, दोघींनी पंधरा दिवस डोक्यावर टोपली वाहून ती कवेलू शेतात आणली. खांब रोवले, बांबूची ताटी बांधली, वर कवेलू चढवली. पण चारही बाजूंनी मोकळंच. वर्षभर ताडपत्र्या आणि जुनी लुगडी बांधून ते तिघं त्यात राहिले.

ताडपत्र्यांनी निभलंही असतं, पण एकवीस दिवसांवर कीर्तन होतं आणि यंदा पाळी त्यांची होती.

गावात सात घरांचं भजनी मंडळ होतं. दरसाल पेरणीआधी एका घरी दिवसाचं कीर्तन व्हायचं, आरमोरीकडचे बुवा यायचे, आणि ज्याच्या घरी कीर्तन झालं त्याच्याकडे गाव वर्षभर आदरानं पाहायचं. नथ्थूनं तीस वर्षं मंडळात खंजिरी वाजवली होती. मंडळाचा अध्यक्ष लच्छू. त्यानं परवा सगळ्यांसमोर सांगितलं, "चार भिंती अन् दार नाई, तिथी देव बसवाचा कसा? पाळी माह्याकडे घेतो." कोणी काही बोललं नाही. नथ्थू मान खाली घालून, लंगडत, भर दुपारी घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता बाजेवर पडला.

एकदा पाळी गेली की ती परत येत नाही, हे कमळाला माहीत होतं. आधी पाळी जाते, मग लग्नाचं बोलावणं विसरतं, मग मयताचा निरोपही उशिरा येतो. वस्ती सुटलेल्या माणसाला गाव असंच हळूहळू सोडतं.

"सिमेंट तर इथी येऊच शकत नाई," नथ्थू म्हणाला. "टॅक्टर नाल्यात फसते."

"सिमेंट पाह्यजे कोनाले? बुधरीबाईच्या घरात बसली नाई का मी? बाहेर आग, अन् आत माठावानी थंड."

बुधरी पलीकडच्या जंगलवस्तीतली गोंड म्हातारी. तिच्या हातच्या मातीच्या भिंती तीस-तीस पावसाळे उभ्या होत्या. कमळानं तिला बोलावलं तेव्हा ती आली, गाळ चिमटीत धरला, जिभेला लावला, थुंकली.

"चांगली हाय. पन एकटी नाई चालत. लाल मुरूम टाक, तणीस टाक. अन् त्या सोडलेल्या वारूळाची माती आन."

"वारूळाची? नागोबाची?" कमळाचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"सोडलेलं हाय म्हनलं नं. मुंगी नाई, उधई नाई, कोनी नाई. इचारून घे अन् आन."

कमळानं वारूळापुढं हळदकुंकू वाहिलं, विचारलं, आणि आणली.

चार दिवस खणण्यात आणि भिजवण्यात गेले. पाणी नाल्यातल्या झिऱ्यावरून आणावं लागे. दिव्यानीच्या डोक्यावरची गुंडी, कमळाच्या डोक्यावरची गुंडी, परत रिकाम्या, परत भरलेल्या. खळगा केला, त्यात गाळ, मुरूम, वारूळाची माती आणि वरून हातभर लांब भाताचं तणीस. मग उतरायचं आणि तुडवायचं. पहिल्या तासात पोटऱ्यांना पेटके आले. तणसाच्या काड्यांनी घोटे सोलून निघाले. चिखल पाय धरून ठेवी, सुटताना बुच्च करून आवाज करी, आणि दिव्यानी दरवेळी हसे.

"हसतं काऊन?" कमळा म्हणे.

"बाबाच्या खंजिरीले जोडी भेटली म्हणून."

नथ्थूला तुडवता येत नव्हतं. पण त्यानं बाज खळग्याशी ओढली होती, खंजिरी काढली होती, आणि नामाचा ठेका धरला होता. विठ्ठल म्हटलं की उजवा पाय, विठ्ठल म्हटलं की डावा. पाय आपोआप पडू लागले. दमलेल्या माणसाला नामानं उचलून धरावं तसं होत होतं. कमळा तोंडानं म्हणत होती, आणि घामाबरोबर डोळ्यांतूनही काही वाहत असेल तर ते कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी पहिला थर लागला. बुधरीनं गोळा कसा टाकायचा ते दाखवलं: दोन्ही हातांनी डोक्याएवढा गोळा उचलायचा, आदळायचा, टाचेनं दाबायचा, खालच्या गोळ्यात वरचा काठीनं टोचून शिवायचा. कोपरापासून बोटापर्यंत एक हात उंची झाली तशी ती थांबली.

"आज एवढंच. एका दिवशी एक हात. मंग तीन दिवस बोट नाई लावायचं. ओली पोती टाक, नाइतर वरून फाटते अन् आतून ओली राह्यते."

"तीन दिवस?" कमळा हिशेब करत होती. पाच हात भिंत, म्हणजे शेवटच्या थरापर्यंत एकवीस दिवसांत बसत होतं. कसंबसं, पण बसत होतं.

"तीन दिवस," बुधरी म्हणाली. "म्या उद्यापासून तेंदूपानाले जातो. आठवडाभर नाई. तू चुकू नको."

नवव्या दिवशी एकादशी आली.

त्या सकाळी नाल्यापलीकडून टाळांचा आवाज आला. मंडळातली चार माणसं बांधावरून येत होती. पुढं अजय, पेटी वाजवणारा, तिशीतला, अंगानं धिप्पाड. मागे त्याची बायको पुनम, आणि दोघं टाळकरी.

"रामकृष्णहरी, काकू! उपास हाय, घरी बसून काय करतो? सेवा द्या."

कमळा हातातली गुंडी खाली ठेवून पुढं झाली. पाळी काढून घेतली तेव्हा जे गप्प बसले होते, तीच ही माणसं. "या बापा, या," एवढंच ती बोलली.

तो दिवस कमळा आयुष्यात विसरणार नव्हती. सहा जणांचे पाय एका खळग्यात. नथ्थूची खंजिरी, दोन टाळ, अजयचा खडा आवाज. उपाशी पोटी माणसाला हलकं वाटतं तसं सगळ्यांना हलकं वाटत होतं. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली आणि पुन्हा उभे राहिले. दक्षिणेच्या भिंतीचा दुसरा थर पूर्ण झाला तेव्हा भजन रंगात आलं होतं. कोण थांबणार? कमळाच्या मनात बुधरीचं बोलणं आलं, पण ते नामाच्या गजरात तिनं आतल्या आत बाजूला सारलं. देवाच्या कामाला कसला नियम, असं काहीसं तिच्या मनात होतं. नथ्थू डोळे मिटून वाजवत होता. तिसरा थर झाला. चौथाही झाला. उन्हं कलली तेव्हा ती अख्खी भिंत डोक्याएवढी उभी होती, ओली, काळीभोर, चकाकणारी. सगळे तिच्या पाया पडून घरी गेले.

सकाळी दिव्यानीनं हाक मारली. "माय, इकडं ये."

भिंतीला पोट आलं होतं. मधोमध ती बाहेर फुगली होती, जेवल्यावर माणसानं करदोडा सैल सोडावा तशी. खालच्या थरातून पाणी पाझरत होतं. कमळानं तळहात ठेवला. थंडगार लागलं, आणि हाताखाली भिंत किंचित हलली.

तिनं लगेच बांबू तोडले. बाहेरून टेकू लावले. "वरून छपाई करू," नथ्थू म्हणाला. "कोनाले दिसते?" त्याच वेळी मोटारसायकलचा आवाज आला. लच्छू. मागे मंडळातला चैतू. गावात भिंतीची बातमी गेलेली होतीच.

लच्छूनं गाडीवरून न उतरता पाहिलं. मग उतरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नथ्थ्या, तुह्या भिंतीले कितवा महिना हाय?"

चैतू खोखो हसला. नथ्थूचं तोंड काळवंडलं. दिव्यानी खाली पाहू लागली. कमळानं हातातला बांबू जमिनीवर टेकवला, डोक्यावरचा पदर नीट केला. थोरल्या दिराशी ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती.

"दिवस भरले का सांगतो, भाऊजी. बारशाले या. नाव ठेवाले तर तुमी आताच आले हा."

चैतूचं हसणं अर्ध्यावर राहिलं. लच्छू गाडीवर बसला. "मंडळाचं ठरलं हाय. कीर्तन माह्याकडे. माईक सांगतला, मंडप सांगतला. तुमी या, जेवाले बसा. परके थोडी हा?" आणि नथ्थूकडे न पाहताच म्हणाला, "खंजिरी घेऊन ये."

गाडी गेल्यावर कमळानं हातातला बांबू परत भिंतीला टेकवला.

बुधरी दुसऱ्या दिवशी पानं विकून परतली. वाटेतच वळून आली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, भिंतीपाशी गेली, अंगठा खुपसला. अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"येर हाय आत. नुसतं पाणी. ह्ये टेकू काऊन लावले? मेलेल्याले उभं करतं का?"

"राह्यन, बुधरीबाई. वाळन."

"नाई राह्यत. काप."

"एवढी सगळी?"

"काप. तुमच्या गाण्यानं केलं ह्ये."

कमळा वळली. तिचा आवाज चढला. "गान्याले बोलू नको! देवाचं नाव घेत होतो आमी. तुले काय समजते त्यातलं?"

बुधरीनं तिच्याकडे शांतपणे पाहिलं. तेंदूची पानं तोडून तिची बोटं काळी पडली होती.

"गाणं चांगलंच असन. माती आयकत असन. पन माती घाई नाई करत." तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पायवाटेनं निघून गेली.

कमळा भिंतीसमोर उकिडवी बसली. ऊन डोक्यावर आलं. नथ्थू त्याच भिंतीच्या सावलीत बाजेवर पडला होता. अकराच्या सुमारास आधी एक टेकू कडकन मोडला. मग भिंतीच्या वरच्या काठावरून टोपलीएवढा ढेपा सुटला आणि नथ्थूच्या उशाशी येऊन फुटला. तो बाजेवरून लोळण घेतच बाहेर आला. मोडका गुडघा ओढत, धोतराला चिखल, तोंडाला चिखल. कमळा धावली. त्याला काही झालं नव्हतं. तो हसायचा प्रयत्न करत होता.

"काप, कमळे," तो म्हणाला.

तिनं फावडं घेतलं. पहिला घाव घालताना हात जड झाला. एकादशीचा दिवस, त्या सगळ्यांचे पाय, ते नाम, सगळं त्या मातीत होतं. मग तिनं घातला. दुसरा घातला. दिव्यानी कुदळ घेऊन आली. दोघी मायलेकी कापत राहिल्या, आणि कापलेली माती परत खळग्यात जात राहिली. मातीत घातलेलं नाव मातीतच राहणार, जाणार कुठं, असं कमळाला वाटलं आणि हाताला जोर आला. संध्याकाळपर्यंत भिंत परत एक हातावर आली होती.

सकाळी ती उठली तेव्हा बुधरी भिंतीच्या कडेनं बसली होती. विळ्यानं कापलेला काठ तासून सरळ करत होती. नवरा झिंगू झिऱ्यावरून पाण्याची कावड घेऊन येत होता.

"खालचा थर भी भिजला हाय," बुधरी मान वर न करता म्हणाली. "पाच दिवस थांबाव लागन."

"थांबतो," कमळा म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "काल म्या वंगाळ बोलली."

"हो. बोलली." बुधरी तासत राहिली. "चाय ठेव."

पाच दिवस थांबल्या. सतराव्या दिवशी दुसरा थर लावला, चारही बाजूंनी एक हात. मग पोती, पाणी, आणि थांबणं. काम करण्यापेक्षा थांबण्यानंच कमळा जास्त थकली. तिसरा थर नेमका एकविसाव्या दिवशी येत होता, कीर्तनाच्या दिवशी. म्हणजे तारखेला भिंत छातीएवढीच.

"मंग जावं का भाऊकडे?" आदल्या दिवशी नथ्थूनं विचारलं. खंजिरी त्याच्या मांडीवर होती. "लोक काय म्हणतीन? घरचं कीर्तन सोडून बसला."

"पाळी कोनाची हाय?"

"आपली."

"मंग कीर्तन आपल्या घरी."

"बुवा तिकडे राह्यतीन नं, अवो! इथी करन कोन?"

कमळा पोत्यांवर पाणी शिंपू लागली. तीस वर्षं ती बायकांच्या बाजूला बसून कीर्तनं ऐकत आली होती. पूर्वरंग कुठं संपतो, बुवा पाणी कधी पितात, हसवायचं कुठं आणि रडवायचं कुठं, तिला सगळं पाठ होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी आठलाच गावाकडून माईक ऐकू येऊ लागला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." मग गजर. वाऱ्याबरोबर तो शेतावर येत होता, जात होता. खळग्यात कमळा, दिव्यानी, बुधरी आणि झिंगू उतरले होते. नथ्थूची बोटं नकळत माईकच्या ठेक्यावर पडायला लागली.

"त्याच्या तालावर नाई," कमळा म्हणाली. "आपल्या."

तेवढ्यात बांधावर माणसं दिसली. अजय, पुनम, ते दोघं टाळकरी. अजयच्या खांद्यावर पेटी होती.

"तू इकडे कसा? तिकडे पेटी कोन वाजवन?" कमळानं विचारलं.

"काकू, तुमची भिंत आमी बिगाडली. हात सैल सुटले आमचे." अजयनं पेटी नथ्थूच्या बाजेवर ठेवली आणि पायजमा गुडघ्यावर गुंडाळला. "आधी भिंत करू द्या. मंग पाहू कोन काय म्हणते."

खळगा भरला. पाय पडू लागले. सगळे कमळाकडे पाहत होते, जणू ती काही बोलणारच होती. तिनं पदर कमरेला खोचला. चिखलात पोटरीपर्यंत उभी राहून तिनं दोन्ही हात जोडले. ओल्या मातीचा थेंब कपाळावर उडाला, तो तिनं पुसला नाही.

"ऐका, मायबापहो," ती म्हणाली. आवाज आधी फाटला, मग लागला. "देव घर पाहात निघाला. ऊन असं, अन् पायात काही नाई. एका घरी गेला. ते म्हणे, देवा, रंग ओला हाय, टेकजो नको. दुसऱ्या घरी गेला. ते म्हणे, देवा, फरशी आत्ताच पुसली हाय."

पुनम फिस्सकन हसली. नथ्थूनं खंजिरीवर थाप दिली. गोळे उचलले जात होते, भिंतीवर आदळत होते, बुधरी काठीनं शिवत चालली होती.

"फिरता फिरता जंगलाच्या कडेले आला. तिथी एक बाई गारा तुडवून राह्यली होती. देव म्हणे, बाई, जागा देतं का? बाई म्हणे, भिंत अर्धी हाय रे देवा, तुले बसवू कुठी? देव म्हणे, बसतो कोन? मले तर उभं राहाची सवय हाय!"

एक टाळकरी हसता हसता चिखलात घसरला. झिंगूनं त्याला धरलं. अजयनं तुडवता तुडवता विठ्ठल विठ्ठल धरलं, सगळ्यांनी उचललं, आणि उघड्या भिंतींवरून तो आवाज रानात गेला.

मोटारसायकल आली ती कोणाला ऐकूही आली नाही. लच्छू भिंतीबाहेर उभा होता, धुवट धोतर, कपाळाला गंध.

"अजय! बुवा थांबले हायेत. पेटी कुठी हाय?"

अजयनं कोपरापर्यंत माखलेले हात वर केले. "हात भरले हायेत, काका."

"ह्ये काय लावलं हाय इथी?" लच्छू कमळाकडे वळला. पण कमळानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर बुधरीच्या हातांवर होती, आणि गोष्ट चालली होती.

"बाई म्हणे, उभाच राह्यतं नं? मंग चिखलात उभा राह्य. अन् कमरेवर हात काऊन ठेवतं रिकामे? युगं झाली, दुखले नाई का? इथी ये, गोळा उचल. देव लाजला, मायबापहो. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. कोनी पाहात तर नाई? अन् देवानं कमरेवरचे हात काढले..."

नथ्थूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. अजयनं गोळा डोक्यापर्यंत उचलला होता. टाळ चढले होते. एकादशीच्या दिवसासारखंच सगळं वर वर निघालं होतं, कोणालाही थांबवता आलं नसतं.

बुधरीनं कोपर भिंतीला लावलं, बोट ताणलं, मोजलं. हात वर केला.

कमळा वाक्याच्या मधोमध थांबली.

"आज एवढंच," ती म्हणाली.

टाळ विसकटून थांबले. अजय गोळा घेऊन तसाच उभा राहिला. "काकू, एक थर अजून. आत्ता कुठी रंगलं हाय."

"ठेव खाली. खळग्यात ठेव."

त्यानं ठेवला. दिव्यानी ओली पोती भिंतीवर पसरू लागली. गावाकडून माईकवर कोणी तरी हाक मारत होतं, लच्छूभाऊ, लवकर या, लच्छूभाऊ. लच्छू हलला नाही. छातीएवढ्या भिंतीपलीकडून त्याचं तोंड दिसत होतं.

"कीर्तन असं मधात सोडत नसते," तो म्हणाला. त्यानं ओठ चाटले. "मंग? उचलला का गोळा देवानं?"

कमळानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. चिखलानं भरलेले हात तिनं भिंतीच्या अंगालाच पुसले.

"ते चार दिवसांनी, भाऊजी. ह्ये वाळलं की. अजून दोन हात बाकी हायेत, तेवढंच कीर्तनही बाकी हाय." आणि मग, थोडं थांबून, "येतान जुनं धोतर घालून या. इथी बसून ऐकाले जागा नाई."